वॉटर ॲक्टिव्हिटी मीटर हाती आलं, आता पुढे?

सोललेल्या शेंगदाण्यात १० टक्के पाणी राहिलं तर पोत्यात बुरशी धरते. बेदाण्यात १५ टक्के असलं तरी तो महिनोन्‌महिने टिकतो. ओलावा मोजणारा मॉइश्चर बॅलन्स दोन्ही आकडे बरोबरच सांगतो, पण माल टिकेल की नाही हे त्यावरून कळत नाही. बेदाण्यातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. शेंगदाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतो आणि तेल पाण्याला धरत नाही, म्हणून ते १० टक्के पाणी उरलेल्या निम्म्या भागातच दाटतं आणि बरंचसं मोकळं राहतं. बुरशीला हेच मोकळं पाणी हवं असतं. त्याचं माप म्हणजे जलसक्रियता. लॅबमध्ये कोणी हा शब्द वापरत नाही, सगळे ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ किंवा नुसतं ‘एडब्ल्यू’ म्हणतात.

व्याख्या सोपी आहे. नमुन्यावरच्या हवेत पाण्याच्या वाफेचा जो दाब असतो, त्याला त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाने भागायचं. शुद्ध पाण्याचा आकडा १, ठार कोरड्या वस्तूचा ०. नमुना घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला, आतली हवा आणि नमुना यांची देवाणघेवाण थांबेपर्यंत वाट पाहिली आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के भरली, तर नमुन्याची एडब्ल्यू ०.७५.

म्हणजे यंत्र नमुन्यातलं पाणी मोजतच नाही. ते नमुन्याच्या डोक्यावरची मूठभर हवा मोजतं, आणि ती हवा नमुन्याबद्दल खरं बोलते आहे असं गृहीत धरतं. पुढे सांगितलेली प्रत्येक काळजी त्या हवेला खरं बोलायला लावण्यासाठी आहे.

कोणता आकडा कशासाठी

०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. बहुतेक बुरश्यांना ०.७० च्या वरच जमतं. अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी साधारण ०.८० च्या आसपास वाढू लागते. अन्नातून विषबाधा करणाऱ्या जिवाणूंपैकी स्टॅफिलोकोकस ऑरियसची सीमा ०.८६ ची, तर बोट्युलिनमची ०.९३ ते ०.९४. अमेरिकेच्या अन्न नियमांत ०.८५ हा आकडा येतो तो यामुळेच: पीएच ४.६ पेक्षा जास्त आणि एडब्ल्यू ०.८५ पेक्षा जास्त असलेलं डबाबंद अन्न तिथे ‘लो-ॲसिड’ म्हणजे कमी आंबट गटात जातं आणि त्याला वेगळे, कडक नियम लागतात. चटण्या, सॉस किंवा पाकातले पदार्थ तिकडे पाठवणाऱ्याला ०.८४ आणि ०.८६ मधला फरक पैशांत मोजावा लागतो.

एक सावधगिरी. ०.६० च्या खाली माल सडत नाही, पण खवट होऊ शकतो, मऊ पडू शकतो, त्याचा रंग उतरू शकतो. कुरकुरीत चिवडा ०.४ च्या पुढे गेला की बुरशीच्या कितीतरी आधी दाताखाली कळतो.

आत काय चालतं

बाजारात मुख्यतः चार तत्त्वांची यंत्रं मिळतात. कॅपॅसिटन्स पद्धतीत दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पॉलिमरचा पातळ पापुद्रा असतो. तो हवेतली वाफ शोषतो तसा त्याचा विद्युतगुण बदलतो. इलेक्ट्रोलाइट पद्धतीत पाणी शोषणाऱ्या क्षाराचा विद्युतरोध बदलतो. लेसर पद्धतीत पाण्याची वाफ जी अवरक्त तरंगलांबी शोषते तिचाच किरण हवेतून सोडतात, त्यामुळे अल्कोहोल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलच्या वाफेने ते फसत नाही. चौथी पद्धत थंड आरशाची, म्हणजे दवबिंदूची. नवशिक्याने आधी हीच नीट समजून घ्यावी, कारण यात सेन्सरच्या स्वभावाचा प्रश्न कमी आणि भौतिकशास्त्र जास्त.

बंद चेंबरमध्ये नमुन्याच्या वर एक छोटा आरसा असतो. त्याच्या मागची पेल्टिए चकती त्याला हळूहळू थंड करते. आरशावर पहिलं दव जमताच प्रकाशाचं परावर्तन बदलतं आणि यंत्र त्या क्षणीचं आरशाचं तापमान टिपतं. त्याच वेळी अवरक्त थर्मामीटर वरून नमुन्याच्या पृष्ठभागाचं तापमान वाचतो. छोटा पंखा चेंबरमधली हवा हलती ठेवतो, म्हणजे समतोल लवकर साधतो.

एक उदाहरण. नमुना २५ अंश सेल्सिअसला आहे आणि दव २० अंशांवर पडलं. २० अंशांवर पाण्याचा संपृक्त बाष्पदाब २.३४ किलोपास्कल, २५ अंशांवर ३.१७. भागाकार ०.७४. यंत्र एवढंच गणित करतं.

या गणितात चूक कुठून शिरते तेही याच आकड्यांत दिसतं. २५ अंशांच्या आसपास पाण्याचा बाष्पदाब दर अंशाला साधारण ६ टक्के बदलतो. आरसा आणि नमुना यांच्या तापमानातला फरक ०.१ अंशाने चुकला, तर ०.७५ चा आकडा ०.००४ ते ०.००५ ने हलतो. चांगल्या आरशाच्या यंत्राची अचूकता ±०.००३ धरतात. म्हणजे एका अंशाच्या दहाव्या भागात ती सगळी अचूकता खर्ची पडली. कॅपॅसिटन्सच्या बऱ्याच यंत्रांची अचूकता ±०.०१ च्या घरातली असते. तिथे तिसरा दशांश वाचून भांडण्यात अर्थ नाही.

यंत्र कुठे ठेवायचं

सपाट, हादरे नसलेल्या टेबलावर. एसीचा झोत, उन्हाची तिरीप आणि ओव्हनची ऊब यांपासून लांब. खोलीचं तापमान दिवसभर दोन अंशांपेक्षा जास्त हललं तर आकडेही हलतील. वीज जाण्याचा त्रास असेल तर यूपीएस लावा. यंत्र चालू केल्यावर किमान १५ ते ३० मिनिटं गरम होऊ द्या. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे वहीत लिहू नका, मोहात पडू नका.

आधी मीठ, मग नमुना

रोज सकाळी, कामाला लागण्याआधी, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना यंत्राला द्यायचा. दोन प्रकारची मानक द्रावणं वापरतात आणि नवशिका त्यांत हमखास गोंधळतो.

पहिला प्रकार संपृक्त क्षारांचा, म्हणजे पाण्यात विरघळेल त्यापेक्षा जास्त क्षार घालून केलेल्या लगद्याचा. २५ अंशांवर त्यांची मूल्यं अशी: लिथियम क्लोराइड ०.११३, मॅग्नेशियम क्लोराइड ०.३२८, मॅग्नेशियम नायट्रेट ०.५२९, सोडियम क्लोराइड ०.७५३, पोटॅशियम क्लोराइड ०.८४३, पोटॅशियम सल्फेट ०.९७३. तापमान बदललं की काही क्षारांचे आकडे चटकन सरकतात. मॅग्नेशियम नायट्रेट २० अंशांवर ०.५४४ असतो आणि ३० वर ०.५१४. सोडियम क्लोराइड मात्र जवळजवळ जागचा हलत नाही: २० वर ०.७५५, ३० वर ०.७५१. म्हणून हाताशी एकच क्षार ठेवायचा असेल तर मीठच ठेवा. लगदा ओल्या वाळूसारखा हवा. वर पाण्याचा थर साचलेला दिसला तर मीठ कमी पडलंय.

दुसरा प्रकार असंपृक्त, नेमक्या वजनाने केलेल्या द्रावणांचा. दवबिंदूच्या यंत्रासाठी हीच बरी, कारण लगद्याच्या पृष्ठभागावर कुठे स्फटिक तर कुठे पाणी असं होऊन आकडा डळमळतो. १०० ग्रॅम शुद्ध पाण्यात ३५.०६ ग्रॅम सोडियम क्लोराइड म्हणजे ६ मोलल (किलोभर पाण्यात ६ मोल क्षार), एडब्ल्यू ०.७६०. १०० ग्रॅम पाण्यात १३.६२ ग्रॅम म्हणजे २.३३ मोलल, एडब्ल्यू ०.९२०. १०० ग्रॅम पाण्यात ३.७३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड म्हणजे अर्धा मोलल, एडब्ल्यू ०.९८४. पाणी मापाने नाही, वजनाने घ्यायचं. मीठ एआर दर्जाचं, म्हणजे प्रयोगशाळेसाठीचं शुद्ध, ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड केलेलं. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ इथे चालणार नाही, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं दुसरं काहीतरी असतं. ०.२५० आणि ०.५०० ची लिथियम क्लोराइडची द्रावणं मात्र घरी करत बसू नका, विकत घ्या. तो क्षार काट्यावर ठेवल्या ठेवल्या हवेतलं पाणी ओढू लागतो आणि वजन चुकतं.

०.७६० च्या बाटलीत एक खोच आहे. हे द्रावण संपृक्ततेच्या अगदी उंबरठ्यावर असतं. बूच सैल राहिलं, थोडं पाणी उडालं की त्यात स्फटिक येतात आणि आकडा ०.७५३ कडे सरकतो. मग माणूस यंत्राला दोष देत बसतो. बाटलीच्या तळाशी स्फटिक दिसले तर ती बाटली टाकून द्या. हलवून, कोमट करून ‘दुरुस्त’ करू नका.

तपासणीचा क्रम असा. आधी तुमच्या नमुन्यांच्या जवळचं द्रावण लावा, मग शुद्ध पाणी किंवा दुसरं लांबचं द्रावण. दोन्ही आकडे ±०.००३ मध्ये आले तर कामाला लागा. दोन्ही एकाच दिशेने सारखेच चुकले असतील तर यंत्रातली शून्य-दुरुस्ती करता येते, पण सफाई झाल्यावरच. एक बरोबर आणि एक चूक येत असेल तर चेंबर किंवा आरसा मळलाय. अशा वेळी दुरुस्तीचं बटण दाबलं तर चूक फक्त लपते.

नमुना तयार करताना

कप अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही, पण तळ पूर्ण झाकला गेला पाहिजे. तळ उघडा राहिला तर थर्मामीटर प्लास्टिकचं तापमान वाचतो. कप काठोकाठ भरला तर नमुना आरशाच्या ब्लॉकला चिकटतो आणि पुढचे दहा नमुने त्याची किंमत मोजतात. कपाच्या काठावर आणि बाहेरच्या बाजूवर लागलेलं सगळं पुसून घ्या, विशेषतः काठ.

मोठे तुकडे असतील तर बारीक करा, म्हणजे पृष्ठभाग वाढतो आणि आतली वाफ लवकर बाहेर येते. मात्र मिक्सरमध्ये माल तापतो आणि तापलेला माल पाणी सोडतो. दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, ताबडतोब झाकण लावा आणि कप खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवा ८० ते ९० टक्क्यांवर असते. गूळ पावडर किंवा ०.२ ते ०.३ एडब्ल्यू असलेली दूध पावडर उघड्या कपात काही मिनिटं राहिली की वरचा थर ओला होतो. यंत्र वरच्या थराशेजारचीच हवा मोजतं, म्हणून पावडरीला कपात घालण्यापासून चेंबर बंद होईपर्यंत एका मिनिटाच्या आत पोचवा. मोजणी लगेच होणार नसेल तर कपावर झाकण घट्ट बसवा.

आंबा पोळीसारखा थराथराचा पदार्थ अवघड. उन्हात वाळवलेल्या पोळीचा वरचा भाग कडक, आतला चिकट. नुसता कडेचा तुकडा घेतला तर आकडा सुरक्षित येतो आणि पिशवीत बुरशी येते. सगळ्या थरांतून कात्रीने बारीक पट्ट्या कापा, मिसळा, सीलबंद पिशवीत एक रात्र ठेवा आणि मग मोजा. भरलेल्या बिस्किटाचं याच्या उलट: आवरण आणि आतलं सारण वेगवेगळं मोजा. पाणी टक्केवारी पाहून सरकत नाही, जास्त एडब्ल्यूकडून कमी एडब्ल्यूकडे सरकतं. सारण ०.७० आणि बिस्कीट ०.३० असेल तर बिस्कीट मऊ पडणारच. ते कधी, हे पॅकिंगवर आणि दिवसांवर अवलंबून.

मोजणी, एकामागून एक

१. नमुन्याचं तापमान चेंबरइतकं किंवा किंचित कमी असू द्या. फ्रिजमधून काढलेला नमुना सीलबंद ठेवूनच खोलीत आणा, नाहीतर त्यावरच दव पडेल. चेंबरपेक्षा गरम नमुना कधीही आत घालू नका. त्याची वाफ चेंबरच्या भिंतींवर आणि आरशाभोवती जमते, आणि ती वाळेपर्यंत सगळे आकडे खोटे.

२. कपाचं झाकण काढा, कप खणात ठेवा, खण किंवा चेंबर पूर्ण बंद करा. कप खणात तिरका बसला नाही ना ते पाहा.

३. यंत्राला आकडा ठरवू द्या. आरशाचं यंत्र बहुधा ५ मिनिटांच्या आसपास सांगतं. कॅपॅसिटन्सच्या यंत्रात खरा समतोल साधायला अर्धा-पाऊण तासही लागतो. त्यातली ‘क्विक’ पद्धत समतोल होण्याआधीच अंदाज बांधते, म्हणून वादग्रस्त बॅचसाठी ती वापरू नका. चॉकलेट, तूपकट लाडू, लोणी यांत चरबी वाफेला अडवते, तिथे घाई चालत नाही.

४. आकड्याबरोबर तापमानही लिहा. ‘०.७१२’ अर्धवट आहे, ‘०.७१२, २५.० अंश’ पूर्ण.

५. त्याच नमुन्याचे तीन कप मोजा. तीन आकड्यांत ०.००५ पेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. एकतर नमुना नीट मिसळला नाही किंवा एखाद्या कपात तापमानाचा घोळ आहे.

६. नमुने कमी एडब्ल्यूकडून जास्तीकडे या क्रमाने लावा. कॅपॅसिटन्स सेन्सरला पूर्वीचा ओलावा आठवत राहतो: ओल्यानंतर लगेच कोरडा नमुना लावला तर आकडा किंचित वर येतो.

बिघडतं तेव्हा

आकडा १.००० च्या वर गेला तर बहुतेकदा थर्मामीटरच्या काचेवर डाग आहे किंवा नमुना आत जाताना गरम होता. नमुन्याचं तापमान खऱ्यापेक्षा कमी वाचलं गेलं की भागाकाराचा खालचा आकडा कमी होतो आणि उत्तर १ च्या पुढे जातं.

प्रत्येक नमुना थोडा वरच येत असेल तर आरशावर मिठाचा किंवा साखरेचा अदृश्य थर बसलेला असतो. असा थर दवबिंदूच्या आधीच पाणी ओढतो, आरसा लवकर धूसर होतो, यंत्र जास्त तापमान टिपतं आणि एडब्ल्यू जास्त दाखवतं. प्रोपिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल, व्हिनेगर असलेल्या नमुन्यांत हाच प्रकार वाफेतून होतो: त्यांची वाफ पाण्याबरोबर आरशावर बसते. लोणचं आणि सॉस मोजणाऱ्यांनी हे आधीच ताडावं. एकाच नमुन्याचे लागोपाठचे आकडे चढतच गेले आणि मग साधं मीठही चुकलं, तर संशय याच वाफेवर घ्या. अशा पदार्थांना लेसरचं यंत्र किंवा गाळणी लावलेला इलेक्ट्रोलाइट सेन्सर लागतो. आरशाच्या यंत्रावर ते मोजायचेच असतील तर दिवसाच्या शेवटी मोजा आणि लगेच सफाई करा.

आकडा ठरतच नसेल, अर्धा तास सरकत राहत असेल, तर आधी नमुना आणि चेंबर यांच्या तापमानातला फरक तपासा. तो नसेल तर नमुना मंद आहे, बारीक करून पाहा. आणि अतिशय कोरड्या नमुन्यावर, ०.०३ च्या आसपास, आरशावर दव पडायला लागणारी थंडी यंत्राला आणताच येत नाही. तेव्हा आकड्याऐवजी ‘इतक्यापेक्षा कमी’ असं चिन्ह येतं. तो बिघाड नाही.

सफाई

आठवड्यातून एकदा, आणि सांडलं की तेव्हाच. यंत्र बंद करा, चेंबर उघडा. धागे न सोडणारा टिश्यू चपट्या प्लास्टिकच्या काडीला गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करा आणि चेंबरच्या भिंती, पंख्याभोवतीचा भाग, थर्मामीटरची काच आणि सगळ्यात शेवटी आरसा हळुवार पुसा. प्रत्येक भागाला नवा टिश्यू घ्या. एकाच टिश्यूने सगळं पुसणं म्हणजे तळाची घाण आरशावर चोपडणं. मग हेच शुद्ध पाण्याने, मग कोरड्या टिश्यूने. कापूस नको, त्याचे तंतू आरशावर चिकटतात. धातूची चिमटी तर चेंबरजवळही आणू नका. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत झाकण उघडं ठेवून थांबा आणि परत मिठाची तपासणी करा. कॅपॅसिटन्स सेन्सर मात्र असा पुसायचा नसतो. त्याच्या पॉलिमरला अल्कोहोल चालतं की नाही, हे त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहूनच हात लावा.

यंत्र नसेल तर

लाखोंचं यंत्र घेण्याआधी अंदाज हवा असेल तर एक जुनी युक्ती चालते. २५० मिलिलिटरची काचेची बरणी पदार्थाने अर्धी भरा, वर छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, झाकण घट्ट लावा आणि तापमान स्थिर असलेल्या कपाटात रात्रभर राहू द्या. सकाळी दिसेल ती टक्केवारी भागिले १०० ही अंदाजे एडब्ल्यू. अशा स्वस्त मापकाची चूक ३ ते ५ टक्के असते, म्हणून आधी तो मिठावर तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ आणि त्यावर थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मापकाशेजारी झिप पिशवीत ठेवा आणि आठ ते दहा तास थांबा. इथे टक्क्यादोन टक्क्यांचा खेळ आहे, म्हणून घरचं मीठ चालतं. ७५ दिसायला हवेत. ७१ दिसले तर पुढच्या प्रत्येक वाचनात ४ मिळवा. या पद्धतीने ०.५० चा चिवडा आणि ०.८० चा लाडू यांतला फरक नक्की कळतो. ०.८३ आणि ०.८६ मधला कळत नाही, तिथे नमुना सीलबंद करून लॅबकडेच पाठवा, आणि रिपोर्टवर तापमान छापलेलं आहे ना तेही पाहा.